बाणाचा तोल आणि फूटपट्टी

महिनाभर माझे बाण तीस मीटरवर जरा वारा आला की वाट्टेल तिकडे जात होते. दोष धनुष्याचा, असं ठरवून मी नव्या लिम्ब्जसाठी वीस हजार बाजूला काढले. 2023 मध्ये साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, तेव्हापासून मैदानावर गप्पा एकच.. धनुष्य कुठलं घेतलंस? बाणाबद्दल कोणी विचारत नाही!

शनिवारी काळेवाडीतल्या घरी पट्टीच्या कडेवर बाण आडवा ठेवला. खाचेपासून दांड्याच्या टोकापर्यंत 70 सेंमी, तोल 38.5 वर. त्यातून निम्मी लांबी वजा केली की उरतात 3.5; भागिले 70, म्हणजे 5 टक्के. नेमबाजीच्या बाणाला साधारण 10 ते 15 हवेत. तोल पुढे असला की मागच्या पिसांना लांब दांडा मिळतो, ती बाण लवकर सरळ करतात. फार पुढे नेला तर बाण लांबवर लवकर खाली येतो, तेही खरं. (अमेरिकेतले शिकारी तोल आणखी पुढे नेतात. आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, ते बरंच आहे.)

टोकात तीन ग्रॅम वाढवले, 11 टक्के झाले. रविवारी बाण गुमान जवळजवळ लागले. दिवसभर ऑफिसात दुसऱ्यांना 'आधी लॉग बघा' सांगणारा मी! हे मोजमाप पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

असो. वीस हजार वाचल्याचं आईला कळलंय. तिला नवा मिक्सर हवाय.