आपली माधुरी आणि आपली बाजू



नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीला, म्हणजे आपल्या माधुरीला, १९९२ पासून आपण पाहत आलो. १६ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने तिला जामनगरच्या वनतारात पाठवण्याचा आदेश दिला, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. खरं तर वाद पेटा ही प्राणिमित्र संस्था आणि मठ यांच्यातला. पण सगळा कोल्हापूर जिल्हा त्यात उतरला. ३ ऑगस्टला नांदणी ते कोल्हापूर मूकमोर्चा निघाला. लोकांनी मोबाइलचे नंबरसुद्धा दुसऱ्या कंपनीकडे वळवले. त्यात जैन होते तसेच मराठा, लिंगायत, मुस्लिमही होते.

हे का झालं? तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत पहिला हत्ती. पंचकल्याणक पूजेत हत्ती. आणि ज्यांना यातलं काही ठाऊक नाही, त्यांनीही तिला लहानपणी ऊस, केळी भरवलेली. मठाची बाजू घ्यायला कुणी निकालपत्र वाचलं नाही, गरजही वाटली नाही.

मला या मायेचा अभिमान आहे. तरीही एक गोष्ट बोलावीशी वाटते. न्यायालयासमोर तिच्या पायांच्या जखमांचा, सांधेदुखीचा, एकटेपणाचा मुद्दा होता. मुंगी चिरडू नये म्हणून खाली बघून चालणारे आपण. जीवदयेची भाषा समोरच्याने केली आणि आपल्याला ती परकी वाटली, कारण बोलणारा परका होता. समोरच्यांनीही मठाची माया म्हणजे निव्वळ अडाणीपणा समजला. तेही एकांगीच.

घरात नणंद-भावजयीचं बिनसलं की आपण याच रीतीने वागतो. माहेरचं माणूस आधी, चूक कुणाची ते नंतर.

बाजू घेऊ नये असं मी म्हणत नाही. नात्यातल्या माणसाला एकटं सोडणं हा काही धर्म नव्हे. पण अनेकांत फक्त पर्युषणातल्या प्रवचनापुरता ठेवायचा नसेल, तर बाजू घेण्याआधी एवढं करावं: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत एकदा सांगून बघावं. ते जमलं नाही, तर आपण अजून फक्त नातं सांभाळतोय, न्याय नाही.

ऑगस्टमध्येच वनताराने नांदणी भागात हत्तीसाठी केंद्र उभारायची तयारी दाखवली. आपली माया आणि तिचे दुखरे पाय, दोन्हींचा विचार झाला तेव्हाच बोलणं पुढे सरकलं. माधुरीच्या बाजूने उभं राहायचं, तर दोन्ही ऐकावं लागेल.