कुकरची रिंग आणि फॅनबेल्ट

आपल्या प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात कुठल्यातरी डब्यात कुकरची जादा रिंग असते. सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, एखादीकडे मिक्सरचं कपलरही सापडेल. हे कुणी शिकवावं लागत नाही. मग भाड्याच्या गाडीत बसताना ही अक्कल कुठं जाते?

गेल्या माघातली गोष्ट. श्रीपूरहून आम्ही बचत गटाच्या नऊजणी शिखर शिंगणापूरला गेलो होतो. परतताना घाट उतरून नातेपुत्याच्या रस्त्याला लागलो आणि पुढून टप्पकन आवाज आला. बॅटरीचा लाल दिवा लागला, काटा वर चढला. फॅनबेल्ट तुटला होता. त्या जुन्या डिझेल गाडीत पंखा, पाण्याचा पंप आणि डायनामो, सगळं त्या एका पट्ट्यावर फिरत होतं.

"दुसरा असेल ना?" मी विचारलं.

"नाही ओ ताई, कधी लागतच नाही."

कुणीतरी ओढणी बांधायला सांगितली. बांधली. दोन मिनिटांत तिच्या चिंध्या! मग ड्रायव्हर एका मोटारसायकलवर बसून नातेपुत्याला गेला आणि आम्ही माळावर. दिवस मावळला. आमच्यातल्या माई इन्सुलिन घेतात, त्यांची जेवणाची वेळ टळली, हात थरथरायला लागले. प्रसादाच्या साखरफुटाण्यांवर निभावलं. ते दोन तास मी विसरणार नाही. आम्ही नऊजणींनी नारळ-फुलांवर जेवढे पैसे घातले, तेवढ्यात तो बेल्ट आला असता.

चूक ड्रायव्हरची होतीच, पण गाडी मी ठरवली होती. एसी आहे का, टेप आहे का, भाड्यात काय कमी होईल, सगळं विचारलं. डिकी उघडून पाहिली नाही.

आता पाहते. स्टेपनीत हवा आहे का? जॅक आहे का, आणि पाना त्याच चाकाच्या नटांना बसतो का? (जॅक आहे पण पाना दुसऱ्याच गाडीचा, असं हमखास असतं.) बेल्ट, फ्यूज, बल्ब, पाण्याचा कॅन, बॅटरी, चिकटपट्टी आणि लाल त्रिकोण. आपल्या भागात गळीत हंगामात अंधारातून बिनरिफ्लेक्टरच्या ऊसट्रॉल्या धावतात. उभी गाडी दिसली नाही तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको. नव्या गाड्यांचं जरा निराळं आहे. 2020 च्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायरच्या काही गाड्यांना स्टेपनीऐवजी पंक्चरचं किट चालतं, तेव्हा ते तरी आहे का, हे विचारावं. नव्या इंजिनांचा लांबलचक बेल्ट रस्त्यावर बदलणं अवघड. तो शेवटचा कधी बदलला, एवढं विचारता येतं.

"बाईला गाडीतलं काय कळतंय" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. ऑगस्ट 1888 मध्ये जर्मनीत बर्था बेंझ या बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी गेल्या. शंभरेक किलोमीटर! वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेकला चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं.

परवा गाणगापूरला निघताना मी डिकी उघडायला लावली. नवा ड्रायव्हर हसला. "ताई, तुम्ही काय आरटीओ का?" उघडली, तर स्टेपनी बसलेली. आधी हवा भरून आणली, मगच बाया गाडीत चढल्या.