वर्ग उलटा केला, घराचे काय?

विद्यापीठांत सध्या ‘फ्लिप्ड क्लासरूम’चे फार कौतुक आहे. व्याख्यान घरी व्हिडिओवर पाहायचे, वर्गात प्रश्न आणि चर्चा करायची. मुले निष्क्रिय झालीत, त्यांच्यात प्रेरणा जागवायचा हा उपाय, असे प्राध्यापक सांगतात.

आमचा पहिला आक्षेप या निदानावरच आहे. पहाटे घरोघर पेपर टाकून सकाळच्या तासाला धावत येणारा पोरगा निष्क्रिय? प्रेरणा त्याच्याकडे भरपूर आहे, अभ्यासाला जागा नाही.

एका खोलीचे घर, पाच माणसे, एकच मोबाईल. संध्याकाळी तो बापाच्या हातात किंवा धाकट्याच्या अभ्यासाला. मुलगी घरात शिरली की आधी पाणी, मग चूल. दुसऱ्या दिवशी भर वर्गात सवाल : “व्हिडिओ पाहिला नाहीस?” आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने हे दोनदा ऐकले आणि कॉलेजला जाणेच सोडले. घरी जाऊन तिला परत आणावे लागले.

ही पद्धत रुजवणारे जोनाथन बर्गमन आणि ॲरन सॅम्स हे अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे रसायनशास्त्राचे शिक्षक. २००७ च्या सुमारास त्यांनी व्हिडिओ सुरू केले ते तास बुडणाऱ्या मुलांसाठी. ज्यांच्या घरी इंटरनेट नव्हते त्यांना त्यांनी डीव्हीडी दिल्या. आपल्याकडे ग्रुपवर लिंक टाकली की सरांची जबाबदारी संपली! शिकायला आधी जागा लागते हे बाबासाहेब जाणून होते. म्हणूनच बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले.

तरीही ही पद्धत हाकलून लावा, असे आम्ही म्हणत नाही. तासभर एकाने बोलायचे आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या, यात आपली पोरे शेवटच्या बाकावरच राहिली. वर्गातला वेळ प्रश्नांना मिळत असेल तर तो आपल्याला हवाच आहे. फक्त गट पाडताना आडनावे पाहून कोंडाळी होतात, तिकडे सरांचे लक्ष असले पाहिजे. आणि हो, इंग्रजीत अडखळणाऱ्याला हसणेही तिथेच थांबले पाहिजे.

तेव्हा मित्रांनो, आपल्या कॉलेजात ही पद्धत आली असेल तर प्राचार्यांना लेखी निवेदन द्या. ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे, तिथे व्हिडिओ पाहायला संगणक, पेन ड्राइव्हवर प्रती आणि मराठीत छापील टिपणे. हे होईपर्यंत व्हिडिओ न पाहिल्याबद्दल कुणाचाही गुण कापू नये, हेही त्यात लिहा. निवेदनाची पोच घ्यायला विसरू नका.