विश्लेषण : केमोनंतरच्या कोरड्या खोकल्याकडे दुर्लक्ष का नको?

केस गळणे, उलट्या, थकवा हे केमोथेरपीचे दुष्परिणाम घरोघरी ठाऊक आहेत. फुप्फुसांना होणारी इजा मात्र फारशी माहीत नसते. ती थोड्याच रुग्णांत होते. पण झाली तर जिवावर बेतू शकते.

कोणत्या औषधामुळे?
अशी औषधे अनेक आहेत. त्यांतले सर्वांत परिचित ब्लिओमायसिन. जपानी शास्त्रज्ञ हामाओ उमेझावा यांनी १९६०च्या दशकात ते शोधले. हॉजकिन लिम्फोमा आणि वृषणाच्या कर्करोगात ते दिले जाते. हे रुग्ण बहुधा तरुण असतात आणि पूर्ण बरे होण्याची शक्यताही मोठी असते.

फुप्फुसेच का?
ब्लिओमायसिनचे विघटन करणारे विकर फुप्फुसांत कमी असते. औषध तिथे साचते, सूज येते आणि पुढे तंतू वाढून फुप्फुस ताठर होते. एकूण मात्रा ४०० युनिटच्या पुढे गेली, वय जास्त असले, मूत्रपिंड कमजोर असले किंवा धूम्रपानाची सवय असली, तर धोका वाढतो.

लक्षणे कोणती?
कोरडा खोकला, चालताना दम लागणे, कधी ताप. उपचार संपल्यावर काही महिन्यांनीही ती दिसू शकतात. संसर्गाची लक्षणे अशीच असल्याने गफलत होते.

उपाय काय?
औषध थांबवणे आणि गरजेनुसार स्टेरॉइड. मात्र ताठर झालेला भाग पूर्ववत होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॅथल’ चाचणीत, हॉजकिनच्या ज्या रुग्णांचा दोन सायकलनंतरचा पेट स्कॅन चांगला आला, त्यांच्यापैकी काहींचे ब्लिओमायसिन थांबवले गेले. आजारावरील नियंत्रण जवळपास तेवढेच राहिले, फुप्फुसांचा त्रास मात्र घटला.

मग हवे काय?
रुग्ण शहरात केमो घेतो, खोकला येतो गावी परतल्यावर. ‘केमो झाली’ एवढ्या माहितीवर गावच्या डॉक्टरांनी काय ओळखायचे? औषधाचे नाव आणि एकूण मात्रा लिहिलेले कार्ड प्रत्येक रुग्णालयाने द्यायलाच हवे. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरली, तर ते भूलतज्ज्ञांनाही दाखवावे. कारण जास्त प्राणवायूनेही ही इजा बळावू शकते. भीतीपोटी उपचार मात्र स्वतःहून सोडू नयेत. खोकला सुरू होताच सांगणे, यातच शहाणपण आहे.