बटण स्क्रीनच्या खाली गेलंय!

बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत आपण मोरी, कपाट, गावचे पाहुणे सगळं मावून घेतलं. पण पोरांना वाटलेल्या जुन्या लॅपटॉपवर एक खिडकी मावेना! विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, म्हणून त्यावर लिनक्स, एक्सएफसीई टाकलं. बरंच केलं. पण स्क्रीनची उंची ७६८ पिक्सेल. फॉर्मची शेवटची तारीख, आणि प्रिंटच्या खिडकीचं बटण स्क्रीनखाली गडप. पोरं म्हणतात, लिनक्स भंगार. भंगार नाही हो! अल्ट दाबून धरा, माउसने खिडकी वर ओढा, बटण दिसतं. खिडकी मध्यभागी उघडायची की माउसखाली, तेही विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये ठरतं. हे सांगायला अर्धा तास लागतो. वाटपवाले फोटो काढून दहा मिनिटांत गेले. पुढच्या वाटपाला मंडळांनी आधी हा अर्धा तास मागावा, हार-नारळ नंतर.