चिंगी गादीवर का जाते?



परवाच्या टपालात वहीचं पान फाडून लिहिलेलं एक पत्र होतं. बॉलपेन इतकं दाबून चालवलेलं, की अक्षरं पानाच्या पाठीमागं उमटली होती. पत्र सातवीतल्या एका मुलीचं. तिनं लिहिलं होतं :

‘मावशी, आमची चिंगी चार वर्षांची आहे. ती कधीच घरात घाण करत नव्हती. पण आता आठ दिवस झाले, ती बाबांच्या गादीवर शू करते. आम्ही तिला झाकणाचा नवीन डबा आणलाय, चांगला महागातला. तरी करते. बाबा म्हणतात, शेरू घरात आला म्हणून ती मुद्दाम राग काढते. रविवारी ते तिला मंडईत सोडून येणार आहेत. लवकर उत्तर द्या.’

शेरू म्हणजे दिवाळीत त्यांच्याकडे आलेला कुत्रा, हे पुढं कळलं. पत्राखाली फोन नंबर होता म्हणून बरं! छापील उत्तराची वाट पाहिली असती तर चिंगी तोवर मंडईत पोचली असती. मी लगेच फोन लावला.

माझा पहिला प्रश्न मात्र डब्याबद्दल नव्हताच. शू करताना चिंगी कुंथते का? थेंब थेंब होते का? ओरडते का? वागणं असं अचानक बदललं, की आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. आणि हे नीट लक्षात ठेवा, बोका सारखा जाऊन बसतोय आणि शू होतच नाहीये असं दिसलं, तर रात्र असली तरी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं. बोक्याची लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो. चिंगीला डॉक्टरांनी तपासलं होतं, ती ठणठणीत होती. मग मी म्हटलं, ‘आता मला तुमच्या घराचा नकाशा काढून पाठव. डबा कुठं, शेरू कुठं, दारं कुठं, सगळं दाखव.’

संध्याकाळी आईच्या फोनवरून नकाशाचा फोटो आला. वॉशिंग मशिन आणि भिंत यांच्यामधल्या बोळकांडीत डबा, डब्याचं तोंड पॅसेजकडे आणि त्या तोंडासमोर, हातभर अंतरावर, शेरूचं गोणपाट.

आता तुम्ही एक करा. टेबलाखाली शिरा, तीन बाजूंनी चादर सोडा आणि चौथ्या बाजूला तुमच्या दुप्पट आकाराचा कुणीतरी बसलाय अशी कल्पना करा. तो तुमचा मित्र असेलही. पण तुम्हांला शी लागलीय आणि तो आत डोकावतोय! जाल का पुन्हा तिथं?

मांजर उंदराला शिकार करतं हे आपल्याला माहीत असतं. पण रानात त्याच मांजराची शिकार करणारे मोठे प्राणीही असतात, हे आपण विसरतो. शी-शू करत असताना ते पटकन पळू शकत नाही, म्हणून त्याला चहूकडं दिसायला हवं असतं आणि निसटायला वाट हवी असते. बाबांच्या गादीवर हे सगळं होतं. उंच जागा, तिथून दार दिसतं, पळता येतं आणि मऊ गादी शू शोषूनही घेते. सूड उगवायचा बेत काही चिंगीच्या डोक्यात नव्हता. घरातल्या घरात सुरक्षित संडास शोधला, एवढंच तिनं केलं.

मग शेरू वाईट का? तसंही नाही. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहे. इथं कुत्रं पीठ नाही, दुसरंच काहीतरी खातं. (जेवताना वाचत असाल तर पुढची दोन वाक्यं सोडा.) मांजराच्या खाण्यात प्रथिनं भरपूर असतात, त्याचा वास तिच्या शीलाही राहतो आणि पुष्कळ कुत्र्यांना तो खाऊच वाटतो. पण त्यातून जंत होऊ शकतात, आणि डब्यातली गोळे होणारी माती पोटात गेली तर आतडंही तुंबू शकतं.

म्हणून लोक झाकणाचा डबा आणतात. कुत्र्याचं तोंड आत जाऊ नये, हा विचार सरळच आहे. पण कुत्र्याला अडवणारं झाकण मांजराला कोंडतं! माझंही असंच झालं होतं बरं का. दुकानदारानं ‘कुत्रा आहे ना, मग हाच घ्या’ म्हणून एक घुमटासारखा डबा गळ्यात मारला. आमच्या मनीनं तो एकदा हुंगला आणि मग माझ्या चपलांच्या खोक्यात बसली.

तेव्हा कुत्र्याला डब्याशी अडवायचं नाही, खोलीच्या दाराशी अडवायचं. दाराला आतून अशी कडी किंवा साखळी लावा, की दार फक्त दहा-बारा सेंटीमीटर उघडं राहील. चिंगी आरामात जाईल, शेरूचं नाक आत येईल, खांदे यायचे नाहीत. तुमचा कुत्रा पामेरियनएवढा लहान असेल तर फट कामाची नाही. मग डबा भक्कम टेबलावर ठेवा. पण पिल्लू किंवा म्हातारं मांजर असेल तर त्याला तिथं उडी मारायला लावू नका. वरून भोक असलेले डबेही मिळतात. मला ते फारसे पटत नाहीत. मांजर तरणंताठं असायला लागतं आणि लॅब्रॅडॉरचं तोंड वरूनही पोचतंच.

आता प्रत्यक्ष डबा. झाकण नको आणि आकार मोठा हवा. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत मांजर मोजा आणि त्याच्या दीडपट लांब डबा घ्या. साधारण मांजर ४५ सेंटीमीटर भरतं, म्हणजे डबा ७० च्या आसपास. दुकानातले बरेचसे ट्रे याहून आखूड असतात. कपडे ठेवायचा प्लॅस्टिकचा जुना खोका चालतो, मोठ्यांकडून त्याची एक बाजू खाली कापून घ्या आणि कडा घासून घ्या. मांजर एक असेल तर डबे दोन, तेही दोन वेगळ्या जागी. शेरू एका वेळी दोन्हीकडं पहारा देऊ शकत नाही!

आत काय घालायचं? याची एक गंमत आहे. पूर्वी लोक राख, वाळू असं काहीबाही वापरत. १९४७ साली अमेरिकेत एड लो नावाच्या तरुणाकडं शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. त्यानं तिला पाणी शोषणारी माती दिली, ती तिला इतकी आवडली की त्यातून मोठा धंदा उभा राहिला. कोणती माती म्हणाल? आपली आजी चेहऱ्याला लावते ती मुलतानी माती, त्याच जातीची. आज गोळे होणारी माती मिळते ती बेंटोनाइटची. बेंटोनाइट आपल्याकडं कच्छमध्ये खणून काढतात. बारीक कणांची, बिनवासाची माती घ्या आणि पाचेक सेंटीमीटर थर द्या. मांजराचे पूर्वज आफ्रिकेतली आणि पश्चिम आशियातली रानमांजरं. भुसभुशीत मातीत उकरून पुरायची खोड तिथूनच आलीय.

आणि फिनेल? अजिबात नाही! मांजराच्या यकृताला त्यातली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. ते पायाला लागतं, मांजर पाय चाटतं आणि विष पोटात जातं. साबण आणि गरम पाणी पुरे. शी रोज काढा, हातमोजे घालून, नंतर हात धुवा. आईला बाळ होणार असेल तर हे काम तिला मुळीच करू देऊ नका. मांजराच्या शीतून एक रोग पसरू शकतो. पण त्याचे जंतू लागण करण्याजोगे व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून तर रोज साफ करायचं. मांजर हवं म्हणून हट्ट तुम्हीच केला होता ना?

तर, आपल्या मैत्रिणीच्या घरी कडी लावता येईल असं एकच दार निघालं. बाबांच्या खोलीचं! बाबा सुरुवातीला काहीच बोलले नाहीत. मग तिनं त्यांना सांगितलं, की १९६० च्या कायद्यानुसार पाळीव जनावर उपाशीतापाशी सोडून देणं हा गुन्हा आहे. (हे मी पढवलं नव्हतं, तिनं स्वतः शोधलं.) शनिवारी बाबांनीच हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली. महागड्या डब्याचं झाकण काढून तो जाळी लावलेल्या गॅलरीत गेला, गोणपाट दिवाणखान्यात. गादीचं कव्हर दोनदा धुतलं, गादी पुसून उन्हात टाकली, कारण जुना वास राहिला तर मांजर परत तिथंच जातं.

काल तिचा फोन आला. सहा दिवस गादी कोरडी आहे. सातव्या दिवशी कुणीतरी कडी लावायला विसरलं, शेरू आत घुसला आणि चिंगीनं पुन्हा गादी गाठली. बाबांनी एक महिन्याची मुदत दिली आहे. महिना झाला की काय झालं ते तुम्हांला कळवीनच. तोवर ज्यांच्या घरी कुत्रा आणि मांजर दोघंही आहेत, त्यांनी आपापल्या घराचे नकाशे धाडा. दारं दाखवायला विसरू नका.

तुमची,
मावशी