नाव तारापूरचे, गाव आमचे

‘‘कुठे राहता?’’ या साध्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला नेहमी तीन वाक्ये लागतात. ‘दांडीला’ असे म्हटले की समोरचा आधी हसतो. शाळेतल्या बाई, आणि राहायला दांडीला! हा विनोद मी गेली पस्तीसहून अधिक वर्षे ऐकते आहे आणि तो करणाऱ्या प्रत्येकाला वाटते, की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचले. हसून झाले की दुसरा प्रश्न येतो, ‘‘म्हणजे गांधीजींची दांडी का?’’ नाही हो, ती गुजरातेत, नवसारीकडे. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला तो तिथे. आमची दांडी पालघर जिल्ह्यातली, बोईसरच्या पश्चिमेला समुद्राकाठी असलेली, मच्छीमारांची. एवढे सांगूनही चेहऱ्यावर ओळख उमटत नाही, तेव्हा नाइलाजाने मी तिसरे वाक्य उच्चारते, ‘‘तारापूरजवळ.’’

आणि मग चेहरा बदलतो. ‘‘अरे बापरे, अणुभट्टी! मग भीती नाही वाटत?’’

या प्रश्नाचे उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. ते देण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

माझे माहेर कृष्णाकाठचे, कराड तालुक्यातले. १९८८ च्या जूनमध्ये मला इकडच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा माझ्या वडिलांना तारापूर ठाऊक होते, पण ते वेगळ्याच कारणाने. पोर्तुगीजांकडून तारापूरचा किल्ला घेताना १७३९ साली बाजी भिवराव रेठरेकर पडले, आणि रेठरे तर आमच्या शेजारचे! वडिलांच्या लेखी तारापूर म्हणजे रेठऱ्याच्या वीराने रक्त सांडले ती भूमी. निरोप देताना ते म्हणाले, ‘‘किल्ल्यावर जाऊन एक फूल वाहून ये.’’ आईला किल्ल्याशी कर्तव्य नव्हते. तिच्या कानावर शेजाऱ्यांनी घातले होते ते निराळेच, की तिथल्या पाण्यात ‘किरणं’ असतात. एकाच घरात एकाच गावाची दोन नावे झाली होती.

खरी गंमत पुढेच आहे. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले ते ‘तारापूर’ या नावाने, पण ते उभे आहे तारापूरच्या दक्षिणेला, दुसऱ्याच गावांच्या जमिनीवर. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठली. त्या भट्ट्यांतून २००५ आणि २००६ मध्ये वीज येऊ लागली. कारखान्यांची वसाहत बोईसरला, पण तिचेही नाव तारापूर! म्हणजे उठले एक गाव, धूर खाल्ला दुसऱ्याने आणि नाव गेले तिसऱ्याचे. एकदा कानफाट्या नाव पडले की पडले, म्हणतात. इथे तर कान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे.

मी स्वतः तरी कोऱ्या मनाने कुठे आले होते? कोळणी भांडखोर असतात, त्यांच्या तोंडी लागू नये, मासळी घ्यायची तर पायातली चप्पल हातात घेऊन पळायच्या तयारीने जावे, असे बरेच काही मी घाटावरून बांधून आणले होते. (मुंबई-ठाण्याच्या लोकांप्रमाणे मीही सगळ्या किनाऱ्याला ‘कोळी’ म्हणत होते. इथला मोठा समाज मांगेला आहे, हे कळायलाच दोन महिने गेले.) पहिल्याच आठवड्यात खोलीच्या दाराशी टोपली उतरवून एक बाई असा काही आवाज चढवून बोलू लागली, की मी दार लोटून घेतले. नंतर कळले, ती मला एवढेच सांगत होती की आजचे बोंबील चांगले नाहीत, उद्या घ्या. पुढे ओळख वाढल्यावर मी तिला तो प्रसंग सांगितला. ती हसली. म्हणाली, ‘‘बाई, आम्ही भांडत नाही, बोलतो. दर्यावरच्या वाऱ्यात हळू बोललं तर ऐकू कोणाला जाणार?’’

तिच्या कमरेच्या पिशवीत घराचे सारे अर्थकारण होते. पुरुष दर्यावर जातो, मासळी आणतो. पण ती विकायची, उधारी लक्षात ठेवायची, डिझेलचे आणि जाळ्याचे पैसे बाजूला काढायचे, हे सगळे तिच्याकडे. माझ्या माहेरच्या कितीतरी सुशिक्षित घरांत बायकांच्या हाती भाजीपुरते पैसे येत होते त्या काळातली ही गोष्ट. तिच्याही मनात माझ्याविषयी एक पक्के चित्र होतेच. ‘घाटावरच्यांना मासा ओळखता येत नाही आणि दिलेला शब्द कळत नाही.’ त्यातले पहिले खरे निघाले. दुसरे खोडून काढायला मला बरीच वर्षे लागली.

तर, भीती वाटते का?

वाटते. मार्च २०११ मध्ये जपानच्या फुकुशिमाची चित्रे दूरदर्शनवर दिसू लागली आणि आमच्याकडचे फोन थांबेनात. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या आणि फुकुशिमातली पहिली भट्टी एकाच अमेरिकन कंपनीच्या, एकाच जातीच्या, हे तोवर सर्वांनी वाचले होते. ‘‘निघून या,’’ माझी बहीण म्हणाली. त्या संध्याकाळी मी किनाऱ्यावर गेले. बायका बांबूंवर बोंबील वाळत घालत होत्या. एकीने विचारले, ‘‘जपानातली माणसं गेली कुठं राहायला?’’ मी म्हटले, शाळांमध्ये, सभागृहांमध्ये. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, ‘‘आणि होड्या?’’ बाहेरच्यांना आमच्याकडे किरणोत्सर्ग दिसतो. तिला तो दिसत नव्हता असे नाही, पण तिला त्याच्या आधी होडी दिसत होती. यात शौर्य नाही की अडाणीपणाही नाही. जिथे पोट आहे तिथे माणूस भीतीसकट राहतो, जसा भूकंपाच्या प्रदेशात राहतो, पूर येणाऱ्या नदीकाठी राहतो. माझ्या माहेरी कृष्णेला पूर येतो म्हणून कोणी माहेर सोडले नाही.

पण नावाची झळ भीतीपेक्षा जास्त पोळते. माझी एक विद्यार्थिनी, हुशार, पदवीधर. शहरातले एक स्थळ सांगून आले. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत. बोलणी होत आली आणि मुलाकडून निरोप आला, ‘‘तुमच्या भागातली मुलगी म्हणजे... पुढे मूलबाळ कसं होईल, सांगता येत नाही.’’ कोणी तपासणी केली नव्हती, कोणी डॉक्टरला विचारले नव्हते. गावाचे नाव पुरेसे होते. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना जपानमध्ये पुढे लग्ने जमवताना हेच भोगावे लागले. फुकुशिमाहून इतरत्र गेलेल्या मुलांना नव्या शाळांमध्ये चिडवले गेले. म्हणजे हा आपल्याच मुलखाचा दोष नाही. संकटात सापडलेल्याला जवळ घेण्याऐवजी त्याचाच विटाळ मानायचा, ही माणसाची जुनी खोड आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की बाई आपल्या गावाची वकिली करताहेत. प्रत्यक्षात सारे छान आहे, उगाच बदनामी होते, असे सांगताहेत. तसे मुळीच नाही. सारे छान नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक वसाहतींचे प्रदूषण मोजले, तेव्हा पहिला क्रमांक तारापूरचा आला. कारखान्यांचे सांडपाणी आमच्या शेजारच्या नवापूरच्या किनाऱ्यावरून समुद्रात सोडले जाते. काही दिवशी खाडीच्या पाण्याचा रंग पाहूनच घरातले म्हातारे जाळे न टाकता परत येतात. पाहुणे येतात, अणुकेंद्राच्या दिशेला बोट दाखवून भीतीने डोळे मोठे करतात आणि पायाशी आलेल्या पाण्याकडे बघतच नाहीत. जिथे खोकला आहे तिथे न तपासता दुसऱ्याच छातीला नळी लावावी, तसे हे.

आणि आता मुद्द्याचे सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी खाडीत मासे मरून वर आले होते. मी त्यावर वर्तमानपत्राला पत्र लिहायला घेतले. ते कळल्यावर दोघी-तिघी माझ्याकडे आल्या. मला वाटले, आणखी माहिती द्यायला आल्या. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, छापू नका. उद्या बाजारात आमच्या टोपलीला कोण हात लावील? आम्ही लांब दर्यातनं आणतो ती मासळी चांगली असते. पण गिऱ्हाईक काय, नाव ऐकून पुढं जाणार.’’

मी ते पत्र फाडले. बरोबर केले की चूक, हे आजही मला सांगता येणार नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट समजली. बदनामीचा मोठा तोटा हा नव्हे की लोक आपल्याविषयी वाईट बोलतात. मोठा तोटा हा, की मग आपल्यालाच आपले दुखणे बोलता येत नाही. बोलावे तर नाव आणखी खराब होते, टोपली विकली जात नाही, मुलीचे लग्न अडते. न बोलावे तर दर्या मरतो. ज्यांनी पाणी बिघडवले त्यांना या शांततेचा फायदाच होतो. दुरून डोंगर साजरे असे आपण म्हणतो. आमचा डोंगर दुरून भेसूर दिसतो, म्हणून जवळ राहणाऱ्यांना तो साजरा असल्याचे सोंग करावे लागते.

ते सोंग शेवटी याच लोकांनी टाकले, हे मला अभिमानाने सांगायचे आहे. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाईची जबाबदारी टाकली. निकालाने समुद्र एका दिवसात निवळत नाही, कोर्टाच्या पायऱ्याही संपत नाहीत. पण आपल्याच मासळीचा भाव पडेल हे माहीत असताना ‘आमचे पाणी नासले आहे’ असे जगासमोर सांगायचे, याला काळीज लागते. ज्यांना आम्ही भांडखोर म्हणत होतो, ते गरज होती तिथे रीतीने भांडले.

तारापूरचे झाले तेच पुढे जिल्ह्याचे झाले. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली आणि हा सारा डोंगरपट्टा ‘कुपोषित’ या एका शब्दात मावला. २०१४ मध्ये पालघर वेगळा जिल्हा झाला, आणि १६ एप्रिल २०२० च्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू व त्यांच्या चालकाची जमावाने हत्या केली. दादरा-नगर हवेलीच्या सीमेजवळचे ते गाव आमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलेही नव्हते. त्या क्रौर्याला क्षमा नाही. पण नंतरचे कित्येक महिने ‘पालघर’ म्हटले की समोरचा अर्धे पाऊल मागे सरके. मला त्यात आणखी एक गोष्ट बोचते. त्या रात्री जमावाने तरी काय केले? टाळेबंदीत चोर फिरताहेत अशी अफवा होती. अनोळखी माणसे दिसली, त्यांच्यावर शिक्का मारला, आणि खातरजमा न करता जीव घेतला. शिक्क्याचे शेवटचे टोक कुठे जाते, हे त्याहून स्पष्ट कोणी सांगू नये.

आणि आम्ही? आम्हीही शिक्के घेऊनच बसलो आहोत. कारखान्यांत उत्तरेकडून आलेली मुले, एका खोलीत आठ-आठ जण राहणारी. ज्या कामाला आमची मुले तयार नसतात ते काम करणारी. चोरी झाली की गावाचे पहिले बोट त्यांच्याकडे जाते. डोंगरातला वारली, त्याचे चित्र आमच्या चहाच्या कपावर, पडद्यावर चालते. तो स्वतः दारात आला की ‘दारूडा, आळशी’. हा शिक्का फार जुना आहे. १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केले, त्याआधी त्यांना फुकट राबवून घेणारे जमीनदारही त्यांना आळशीच म्हणत होते!

माझाही एक शिक्का आहे, तो सांगून थांबते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या वर्गात पाड्यावरून येणारा एक मुलगा होता. दिवाळीनंतर तो येईनासा झाला. हजेरीत रोज फुली. फेब्रुवारीत मी वर्गासमोर त्याचे नाव घेऊन म्हटले, ‘‘हा आपला दांडीबहाद्दर!’’ वर्ग हसला. मीही हसले. उन्हाळ्याच्या तोंडावर तो परत आला, हाताला भेगा, केसांत लाल धूळ. आईबापांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेला होता, विटा उचलायला. वर्ग त्याच्याकडे पाहून तेच नाव घेऊन ओरडला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. पुढच्या वर्षी त्याने शाळेत नाव घातले नाही.

‘दांडीला राहते’ म्हटल्यावर कोणी हसले की मला आता राग येत नाही. मला ती हजेरीतली फुल्यांची ओळ आठवते. मी नाव दिले होते; तो कुठे गेला, हे विचारले नव्हते.

म्हणून तुम्हाला एवढीच विनंती. पुन्हा कधी तारापूरचे, पालघरचे किंवा आणखी कुठल्याही बदनाम गावाचे माणूस भेटले, तर ‘‘भीती नाही वाटत?’’ असे विचारू नका. ‘‘यंदा पापलेट कसं आहे? खाडीचं पाणी कसं आहे?’’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला आम्ही सवयीने हसून ‘नाही हो’ म्हणतो. दुसऱ्याला मात्र खरे उत्तर द्यावे लागते. ऐकायला थोडा वेळ काढून या.